काखेत कळसा: पनवेलचा बंदर, पुण्याची डिश आणि छोट्या कारखानदाराची निर्यात

लोकलच्या गर्दीत ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोपं जातं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेले 'अं… म्हणजे…' काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय निर्यात. ऐकूनच जांभई येते, माहितीये मला. पण दोन मिनिटं द्या. आमच्या पनवेल तालुक्यात तळोजा एमआयडीसी आहे. तिथून न्हावा-शेवाचं बंदर ट्रकनं तासाभरावर, रस्ता मोकळा मिळाला तर. देशातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी हे एक. आणि तरीही या पट्ट्यातले कितीतरी छोटे कारखानदार स्वतःच्या नावानं एक पेटीसुद्धा बाहेर पाठवत नाहीत. माल जातो, पण दुसऱ्याच्या नावानं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

आता माझं बघा. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. पनवेलच्या फ्लॅटमध्ये बसून कोड लिहितो, संध्याकाळी पुश करतो आणि तो परदेशातल्या ग्राहकाच्या सर्व्हरवर चालतो. ही निर्यातच आहे. पण मी आजवर कस्टमचा अधिकारी पाहिलेला नाही. मग एकाच देशात, एकाच सरकारच्या राज्यात माझी वाट इतकी सोपी आणि लेथवाल्याची इतकी अवघड कशी झाली? 'सॉफ्टवेअर सोपंच असतं' हे उत्तर खोटं आहे. १९८५ मध्ये तेही महाकठीण होतं. खरं उत्तर इतिहासात आहे.

पनवेलचा बंदर

सुरुवात आमच्या गावापासून करू. पनवेल एके काळी खरोखरचं बंदर होतं. मुंबईहून होडीनं खाडीतून पनवेलला यायचं आणि इथून पुढे जमिनीवरून घाटावर जायचं. १० नोव्हेंबर १८३० रोजी बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला. तेव्हा सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर होते. त्याआधी घाट चढायचा तर बैलांच्या पाठीवर नाहीतर हमालांच्या डोक्यावर माल. रस्ता झाल्यावर चाकाची गाडी घाट चढू लागली आणि पनवेलच्या धक्क्याला बरकत आली.

यात एक बारकी गोष्ट लक्षात घ्या. त्या रस्त्याचा फायदा फक्त मोठ्या पेढीवाल्याला झाला नाही. ज्याच्याकडे एक गाडी आणि दोन बैल होते, तोही त्याच रस्त्यानं गेला. त्याला स्वतःचा घाट फोडावा लागला नाही.

पुढे १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली. ती कर्जतवरून गेली, पनवेलवरून नाही. माल तिकडे वळला आणि आमचा बंदर हळूहळू निजला. गावातली माणसं तीच, खाडी तीच, हुशारीही तीच. बदलली ती सामाईक वाट. आजच्या भागाचं सगळं सार या एका घटनेत आहे, पण पटायला पुढचे दाखले लागतील.

लहान आहेस, लहानच राहा

आता थेट स्वातंत्र्यानंतर येऊ. १९५५ मध्ये नियोजन आयोगानं ग्रामोद्योग आणि लघुउद्योगांसाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते पुण्याचे अर्थतज्ज्ञ प्रा. दत्तात्रय गोपाळ कर्वे. म्हणून तिला कर्वे समिती म्हणतात. विचार नेक होता: मोठे कारखाने भांडवल खातात, छोटे कारखाने हाताला काम देतात, तेव्हा छोट्यांना जपा.

त्या जपण्याचं पुढे काय झालं ते बघा. १९६७ मध्ये ४७ वस्तू फक्त लघुउद्योगांसाठी राखून ठेवल्या. यादी वाढत वाढत ८०० च्या वर गेली. तयार कपडे, चामड्याच्या वस्तू, खेळणी, कितीतरी गोष्टी. लघुउद्योग कोणाला म्हणायचं, तर यंत्रसामग्रीतली गुंतवणूक ठरावीक मर्यादेच्या आत असेल त्याला. म्हणजे चांगला धंदा झाला, चार मशीन जास्त घेतल्या, की राखीव कुंपणाबाहेर. मग लोक काय करायचे? एक कारखाना वाढवण्याऐवजी बायकोच्या नावानं दुसरा, भावाच्या नावानं तिसरा.

परदेशातला ग्राहक मात्र म्हणतो, मला एकाच मापाचे, एकाच रंगाचे एक लाख शर्ट दे, तेही जूनच्या आत. तीन नावांवर विखुरलेल्या कारखान्यानं ते कसे द्यायचे? निर्यातीपुरती सूट होती, पण जो घरच्या बाजारात मोठा होऊ शकत नाही तो फक्त बाहेरच्या भरवशावर मोठी गुंतवणूक कशाला करेल? शिवलेल्या कपड्यांवरचं आरक्षण २००० नंतर उठलं, आणि यादीतल्या शेवटच्या २० वस्तू मोकळ्या झाल्या थेट एप्रिल २०१५ मध्ये. तोपर्यंत जगाच्या शिवणकामात चीन कुठल्या कुठे गेला होता आणि बांगलादेशही आपल्या पुढे निघाला होता.

दुसऱ्या बाजूला निर्यातीचं खातं. खात्याच्या प्रमुखाचं पदनामच होतं 'मुख्य नियंत्रक, आयात आणि निर्यात'. महासंचालक हे नाव आलं उदारीकरणानंतर. नियंत्रक! नावातच सगळं आलं. बाहेरून एक मशीन, एक सुटा भाग आणायचा तरी परवाना.

६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. त्यानंतर निर्यातदारांना रोख भरपाई देण्याची योजना आली. निर्यात करा, बिल दाखवा, काही टक्के रोख घ्या. ही योजना पंचवीस वर्षं चालली आणि जुलै १९९१ मध्ये, पुन्हा एका अवमूल्यनाच्या आठवड्यात, बंद झाली. या पंचवीस वर्षांत बिल दाखवणारे कोण होते? ज्यांची निर्यात आधीच सुरू होती ते. ज्याला पहिली ऑर्डरच मिळत नव्हती, त्याला रोख भरपाईचा उपयोग शून्य. घरोघरी हंडे वाटले, विहीर खणलीच नाही.

अंधेरीतलं बेट

पण त्याच काळात एक विहीर खणली गेली. १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ सुरू झालं: सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन. गुजरातेत कांडल्याला असं क्षेत्र १९६५ मध्येच झालं होतं, आशियातलं पहिलं. सीप्झची कल्पना साधी होती. कुंपणाच्या आत देशाचे नेहमीचे नियम थोडे शिथिल. यंत्र आणि कच्चा माल शुल्काशिवाय आणा, तयार माल बाहेर पाठवा. कस्टमचं ऑफिस आवारातच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तयार गाळे. बहुमजली इमारती बांधून त्यातले गाळे भाड्यानं. ज्याच्याकडे जमीन घेऊन कारखाना बांधायला पैसा नाही, तोही एक मजला घेऊन सुरुवात करू शकत होता.

नाव इलेक्ट्रॉनिक्सचं, पण पुढे तिथं दोन गोष्टी फोफावल्या. एक सॉफ्टवेअर. सत्तरच्या दशकाच्या शेवटी टाटा बरोजनं तिथून काम सुरू केलं. दुसरी जडजवाहीर. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात दागिन्यांच्या कारखान्यांना दार उघडलं आणि आज सीप्झची ओळख मुख्यतः हिरेजडित दागिन्यांची आहे. तिथं काम करणारे कितीतरी कारागीर आजही ठाणे-डोंबिवलीकडून, नव्या मुंबईकडून लोकलनं जातात.

अडचण एवढीच की ते बेट होतं. कुंपणाच्या आत जेवढे मावले तेवढे. बाहेरच्या भिवंडीला, इचलकरंजीला, तळोज्याला त्याचा काय उपयोग?

कुंपण नसलेली विहीर

आता माझ्या धंद्याची गोष्ट. १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू झाली, १०,००० रुपयांच्या भांडवलावर. एक संगणक आयात करायला परवान्यासाठी दिल्लीच्या किती फेऱ्या माराव्या लागल्या, हे नारायण मूर्तींनी अनेकदा सांगितलंय. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणानं आयात थोडी सैल केली. तरी मुख्य गाठ सुटली नव्हती. काम पोहोचवायचं कसं? एक तर माणसंच विमानात बसवून पाठवायची, नाहीतर प्रोग्रॅम टेपवर भरून ती टेप कस्टममधून न्यायची.

१९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं बंगळुरात केंद्र सुरू केलं आणि अमेरिकेशी थेट उपग्रहाचा दुवा जोडला. ते मोठी कंपनी होते, त्यांना जमलं. वीस माणसांची पुण्यातली कंपनी स्वतःची उपग्रह डिश कुठून आणणार?

इथं दिल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं एक शहाणी गोष्ट केली. तेव्हा खात्याचे सचिव होते एन. विठ्ठल. १९९० मध्ये बंगळुरू, पुणे आणि भुवनेश्वर इथं सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क सुरू झाले आणि ५ जून १९९१ ला ते सगळे एका संस्थेखाली आले. तीच एसटीपीआय. म्हणजे मनमोहन सिंगांच्या गाजलेल्या अर्थसंकल्पाच्या आधी. सरकारनं स्वतः डिश उभी केली आणि तिच्यातले छोटे छोटे वाटे कंपन्यांना भाड्यानं दिले. ६४ केबीपीएसचा दुवा! आज तुमच्या फोनचा डेटा संपल्यावर कंपनी साधारण जो वेग देते ना, तेवढा. पण तेवढ्यावर धंदे उभे राहिले. डिशपासून कंपनीच्या गच्चीपर्यंत रेडिओनं जोडणी, त्यामुळे रस्ता खणून टेलिफोनची तार येण्याची वाट बघायला नको.

आणि कुंपण नव्हतं, हे मला सगळ्यात भारी वाटतं. सीप्झसारखं विशिष्ट आवारातच जायला हवं असं नाही. तुमचं ऑफिस कुठल्याही इमारतीत असो, नोंदणी करा, तेवढी जागा निर्यात क्षेत्र. सॉफ्टवेअर तर बंदरावर दिसत नाही, मग ते गेलं हे सिद्ध कोण करणार? त्यासाठी सॉफ्टेक्स नावाचा फॉर्म आला, आणि तो प्रमाणित करायचं काम त्याच संस्थेकडे. दुवा, परवाना, दाखला, तिन्ही एका खिडकीवर. १९९० मध्येच पुण्यात डॉ. आनंद देशपांडे यांनी पर्सिस्टंट सुरू केली, तीही अगदी छोट्या स्वरूपात. अशा कंपन्यांची पिढीच त्या दशकात उभी राहिली.

तुम्ही म्हणाल, आयकराची सूटही होती की! होती. मार्च २०११ पर्यंत चालली आणि मोठ्या कंपन्यांना तिचा भरपूर फायदा झाला. पण करसवलत नफा झाल्यावर कामाला येते. दुवा पहिल्या दिवशी लागतो. छोट्याचा जीव पहिल्या दिवसात अडकलेला असतो.

द्राक्षांची परीक्षा

'हे सगळं कॉम्प्युटरवाल्यांचं' असं वाटत असेल तर नाशिक-सांगलीकडे चला. १९९१ मध्येच महाग्रेप्स स्थापन झाली. द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्था एकत्र आल्या, मागे राज्याच्या कृषी पणन मंडळाचा आधार. एकट्या शेतकऱ्याला परवडणार नाहीत अशा गोष्टी सामाईक केल्या: पूर्वशीतकरण, शीतगृह, पेट्या, युरोपातल्या ग्राहकाशी बोलणी. द्राक्ष झाडावरून काढल्यावर काही तासांत थंड झालं नाही, तर रॉटरडॅमला पोहोचेपर्यंत देठ सुकतो. ग्राहक देठ बघूनच नाकारतो. एक-दोन एकरवाला शीतगृह बांधू शकत नाही. पण दोनशे जण मिळून एक वापरू शकतात.

मग २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले. यावर अनुदान वाढवून काही झालं नसतं. अपेडा या केंद्रीय संस्थेनं अंश तपासणीची पद्धत बसवली, पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्यात मध्यवर्ती झालं, आणि २००६ मध्ये ग्रेपनेट आलं. त्यात बागेची नोंद होते, नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि युरोपातल्या पेटीवरून मागे मागे येत थेट बागेपर्यंत पोहोचता येतं. एक प्रकारे द्राक्षांचं 'गिट लॉग'च म्हणा.

तरी २०१० मध्ये पुन्हा ठेच लागली. सीसीसी, म्हणजे आपले बागायतदार ज्याला लिहोसिन म्हणून ओळखतात ते वाढरोधक, युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. आपल्याकडे तपासायच्या यादीत ते नव्हतंच. कंटेनर अडकले, शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. विहीर खणून भागत नाही, गाळही काढावा लागतो, हे तेव्हा महाग पडून कळलं. त्यानंतर यादी सुधारली आणि द्राक्षं आजही जातात, बहुतेक आमच्याच न्हावा-शेवावरून.

बंदर आलं, पण कोणाच्या जमिनीवर

न्हावा-शेवाचं नाव घेतलं की एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २६ मे १९८९ ला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. त्याआधी इथं काय घडलं? पनवेल-उरणच्या शेतकऱ्यांच्या जमिनी नव्या शहरासाठी आणि प्रकल्पांसाठी घेतल्या जात होत्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि नवघर इथं गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं.

सामाईक गोष्ट आकाशातून पडत नाही, कोणीतरी तिची किंमत मोजतं. या बंदराची किंमत इथल्या आगरी-कोळी कुटुंबांनी, शेतकऱ्यांनी मोजली. मग त्याच मातीत कारखाना टाकणाऱ्याला या बंदराचा उपयोग होतो का, हा प्रश्न फक्त अर्थशास्त्राचा राहत नाही.

दादाचा कारखाना

माझा मावसभाऊ, आमचा दादा, तळोज्यात एक छोटा कारखाना चालवतो. सीएनसी लेथ, १४ माणसं, व्हॉल्व्हचे सुटे भाग. मालाचा दर्जा चोख. भाग एक व्यापारी निर्यातदार उचलतो आणि पुढे पाठवतो. यात बेकायदा काही नाही, व्यापारी जोखीम घेतो, त्याचा वाटा घेतो. पण पेटीवर दादाचं नाव नाही, आणि ग्राहक कोण हे दादाला माहीत नाही.

२७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं बऱ्याच भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. दादाची ऑर्डर एका फोनवर थांबली. का, किती दिवस, थोडा भाव कमी केला तर चालेल का, जर्मनीत कोणी घेईल का, हे विचारायला त्याच्याकडे कोणाचा नंबरच नव्हता. त्या महिन्यात त्यानं पगार घरच्या सोन्यावर कर्ज काढून दिले.

त्याला थेट निर्यात का करता येत नाही? मी त्याच्यासोबत बसून यादी केली. निर्यातीचा कोड म्हणजे आयईसी, तो ऑनलाइन ५०० रुपयांत मिळतो. अडचण ती नाही. अडचण आहे धातूच्या चाचणीचा, परदेशी ग्राहक मान्य करेल असा अहवाल. अडचण आहे कंटेनर भरेल इतका माल नसण्याची. मग दहा जणांचा माल एका कंटेनरमध्ये घालणारा शोधा, त्याच्या तारखेची वाट बघा. अडचण आहे ग्राहकानं पैसे बुडवले तर काय, ही. त्यासाठी विमा देणारी सरकारी संस्था १९५७ पासून आहे, आजची ईसीजीसी. पण दादानं तिचं नाव माझ्याकडून ऐकलं.

यातला प्रत्येक खर्च एका पेटीला जेवढा, जवळजवळ तेवढाच शंभर पेट्यांना. म्हणून मोठ्याला तो जाणवत नाही आणि छोट्याला पेलत नाही.

मग आता?

पैसे वाटण्याचा रस्ता तर जगानंच बंद करत आणलाय. २०१५ मध्ये आलेल्या एमईआयएस योजनेत निर्यातीच्या टक्केवारीत बक्षीस मिळायचं. अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली, आणि ३१ ऑक्टोबर २०१९ ला निवाडा आपल्या विरोधात लागला. १ जानेवारी २०२१ पासून आलेली नवी योजना, आरओडीटीईपी, फक्त मालावर आधी बसलेले कर परत करते. बक्षीस नाही, परतावा.

चांगल्या गोष्टीही झाल्यात, त्या मान्य करू. उद्योग लहान की मध्यम हे ठरवताना २०२० पासून निर्यातीची उलाढाल मोजत नाहीत. म्हणजे 'बाहेर विकून मोठा झालास तर सवलत जाईल' ही जुनी भीती गेली. पोस्टातून छोटी पार्सलं निर्यात करायला डाकघर निर्यात केंद्रं आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं सहा वर्षांसाठी २५,०६० कोटी रुपयांच्या निर्यात प्रोत्साहन मोहिमेला मंजुरी दिली. पनवेलच्या उशाशी विमानतळही सुरू झालाय.

पण आकडा मोठा म्हणून टाळ्या वाजवू नका. माझ्या मते प्रत्येक योजनेला तीन प्रश्न विचारा. एक, एकट्याला परवडणार नाही असं काही ही योजना सामाईक उभं करते का? दोन, ती पहिल्या ऑर्डरच्या आधी कामाला येते की नंतर? तीन, तिच्यामुळे ग्राहकाचं नाव आणि नंबर कारखानदाराच्या हातात येतो का? बोरघाटचा रस्ता पहिल्या दोन प्रश्नांत पास होतो. एसटीपीआय आणि ग्रेपनेट तिन्हीत. रोख भरपाई पहिल्याच प्रश्नात नापास.

तळोज्याला काय हवं, हे यातून आपोआप निघतं. एक मान्यताप्राप्त सामाईक चाचणी प्रयोगशाळा. दर आठवड्याला ठरलेल्या वारी निघणारा, छोट्यांच्या पेट्या घेणारा सामाईक कंटेनर. आणि एक खिडकी, जिथं बसलेला माणूस विमा, कागद आणि ग्राहक या तिन्हींबद्दल मराठीत बोलेल. यातलं काहीच रॉकेट सायन्स नाही. १९९१ मध्ये पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठी हे करून झालंय.

तुमच्या घरात, ओळखीत कोणी छोटा कारखाना चालवत असेल, तर त्यांना आज एकच प्रश्न विचारा: तुमचा माल शेवटी कुठल्या देशात वापरला जातो, माहीत आहे का? उत्तर आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात तीच उत्तरं घेऊन बसू. तोवर, राम राम.